कुलूपवाले काकांचं पान

फोन वाजायचे थांबले तेव्हा पहिले चार दिवस मास्तरांना समाधान वाटलं. लोक सुधारले, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. बाहेर पडताना आधी खिसा चाचपा आणि मग दार ओढा, हे तीस वर्षं ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी अखेर एकाच आठवड्यात त्यांचं ऐकलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी बायकोला स्वतःचा नंबर फिरवायला लावला. फोन वाजला. म्हणजे फोन धड होता आणि लोक खरोखरच सुधारले होते.

"एवढी माणसं एकदम सुधारत नसतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला होत्या आणि माणसांच्या सुधारणेबद्दलचं त्यांचं मत अनुभवावर बेतलेलं होतं.

मास्तर स्वतः मात्र शिक्षक नव्हेत. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, सहा बाय आठच्या दुकानात ते किल्ल्या बनवत आणि अडकलेली कुलपं उघडत. मास्तर हे नाव त्यांना त्यांच्या प्रश्नांमुळे पडलं. कोणाच्याही दाराला हात लावण्याआधी ते तीन प्रश्न विचारत. घर तुमचंच कशावरून? आत्ता आत कोण आहे? आणि शेजारपाजारचं कोण तुम्हाला ओळखतं? उत्तरं पटेपर्यंत पिशवीचा बंद सुटत नसे. एकदा एका न्यायाधीशांना त्यांनी त्यांच्याच दाराबाहेर पंचवीस मिनिटं उभं केलं होतं, कारण शेजारी परगावी गेले होते. न्यायाधीशांना त्याचं उलट कौतुकच वाटलं, असं मास्तर सांगत. न्यायाधीशांना कोणी विचारलेलं नाही.

त्यांचा दुसरा नियम असा, की कुलूप उघडायचं, फोडायचं नाही. वाकवलेली तार, दोन बारीक पाती, कान आणि धीर, एवढ्या भांडवलावर तीस वर्षं गेली होती आणि नियम मोडल्याचं एकही उदाहरण नव्हतं. गल्लीत मास्तरांची जी काही इभ्रत होती ती या एका गोष्टीवर उभी होती.

सहाव्या दिवशी एक बाई दुकानात आल्या आणि त्यांनी कापडी पिशवी फळीवर उपडी केली. आतून एक कुलूप पडलं. त्याच्या बरोबर मधोमध अंगठा जाईल एवढं भोक होतं. कुलपामागून तळहाताएवढा दाराचा तुकडा पडला.

"हे तुमचं काम," बाई म्हणाल्या.

"माझं नाही."

"तुमचं नाही कसं? कुलूपवाले काका म्हणून फोन लावला. माणूस आला. एक प्रश्न विचारला नाही. ड्रिल लावलं, घर्रर्र केलं, दाराचा हा एवढा लचका काढला, पैसे घेतले आणि गेला."

मास्तरांना दाराच्या लचक्यापेक्षा 'एक प्रश्न विचारला नाही' हे जास्त लागलं.

बाईंनी फोन काढून दाखवला. फोनमधल्या नकाशावर मास्तरांच्या दुकानाचं एक पान होतं. हे पान मास्तरांनी काढलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी कोणा खूश झालेल्या गिऱ्हाइकानं ते परस्पर काढलं, त्याला 'कुलूपवाले काका' असं नाव दिलं आणि मास्तरांच्या उजव्या हाताचा एक फोटो लावून दिला. तेव्हापासून फोन वाढले होते. विहीर कोणी खणली हे न विचारता मास्तर चार वर्षं पाणी पीत होते. आता त्याच पानावर नाव तेच होतं, हात तोच होता, पत्ता तोच होता. फक्त फोन नंबर दुसराच होता. आणि खाली ताजे अभिप्राय होते. 'दार फोडलं. एक तारा.' 'कुलूप सांगितलं होतं, चौकटीसकट निघालं. एक तारा.' 'एक तारा द्यावा लागतो म्हणून दिला.'

बाई गेल्यावर मास्तरांनी तो नंबर लावला.

"नमस्कार, कुलूपवाले काका," पलीकडून आवाज आला. तरुण होता, आदबशीर होता.

"मी कुलूपवाले काका बोलतोय," मास्तर म्हणाले.

"बोला काका. दार अडकलंय का?"

"दार नाही, पान अडकलंय. माझ्या पानावर तुमचा नंबर कसा आला?"

"तिथे एक बटण आहे, काका. 'बदल सुचवा' म्हणून. मी सुचवला. त्यांनी विचारलं, हा क्रमांक बरोबर आहे का? मी म्हटलं, आहे. बरोबरच आहे, माझाच आहे."

"आणि मला नाही विचारलं?"

"तुमचा नंबर तोपर्यंत चुकीचा झाला होता ना."

"अहो, माझ्या नावानं दारं फोडताय तुम्ही!"

"दार उघडल्याशी मतलब, काका," आवाज म्हणाला. "बरं, दुसरा फोन येतोय, ठेवतो." दुसरा फोनही मास्तरांसाठीच होता, हे वेगळं सांगायला नको.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण शेजारी झेरॉक्सचं दुकान होतं आणि तिथे प्रत्येक गोष्टीच्या प्रती निघत. झेरॉक्सवाल्याच्या बाकावर दिवसभर एक निवृत्त हेडक्लार्क बसलेले असत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "कागद द्या. अर्ज करायचा. विषय, संदर्भ, मजकूर आणि खाली 'प्रत माहितीसाठी'."

"प्रत कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

"ते मागाहून ठरवू. प्रत आहे म्हटलं की समोरचा घाबरतो."

अर्ज अडीच पानी झाला. नकाशावाल्यांच्या तक्रारीच्या चौकटीत मात्र दोनशे अक्षरं मावत होती. झेरॉक्सवाल्यानं तो टाईप करायला घेतला तेव्हा विषय आणि संदर्भ यांतच चौकट भरत आली आणि अर्ज 'आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की' इथे येऊन थांबला. तेवढा पाठवला. एका मिनिटात उत्तर आलं. हेडक्लार्कना या वेगाचाच संशय आला. "शेरा मारायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो," ते म्हणाले. उत्तरात लिहिलं होतं, की आपण या व्यवसायाचे मालक असल्याची खात्री करण्यासाठी पानावरील क्रमांकावर सहा आकडी कोड पाठवण्यात आला आहे.

पानावरचा क्रमांक कोणाचा होता हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनी तो लावला.

"आला, काका, आत्ताच आला," ड्रिलवाला म्हणाला.

"सांगा."

"नाही सांगता येणार. खाली लिहिलंय, हा कोड कोणालाही सांगू नका. नियम म्हणजे नियम."

मास्तर आयुष्यभर नियमाचे माणूस. त्यांनी "बरोबर आहे" असं म्हणून फोन ठेवला आणि याचा त्यांना पुढे दोन दिवस पश्चात्ताप झाला.

दुसरा मार्ग चित्रफितीचा होता. मालकानं दुकानाच्या नावाचा फलक दाखवावा, आजूबाजूचा रस्ता दाखवावा आणि स्वतःच्या हातानं दुकान उघडून आत जावं. मास्तरांच्या दुकानावर फलक होता, पण नाव नव्हतं. दोन फुटी लाकडी किल्ली टांगलेली होती. वाचता न येणाऱ्याला ती कळते आणि वाचता येणाऱ्याला वाचायचे कष्ट पडत नाहीत, अशी त्यामागची भूमिका होती. ती नकाशावाल्यांना चालणारी नव्हती. पेंटर बोलावला गेला.

"काय लिहू?"

"कुलूपतज्ज्ञ," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांनी बरीच वर्षं मनात सांभाळून ठेवला होता.

"नाही चालणार," झेरॉक्सवाला म्हणाला. "पानावर जे नाव आहे तेच पाहिजे. कुलूपवाले काका."

"लोक काका म्हणतात ते ठीक आहे. मी स्वतःला काका कसं म्हणू?"

"तुम्ही नाही म्हणत. फलक म्हणतोय," पेंटरनं ब्रश बुडवत सांगितलं.

चित्रफीत मंगळवारी सकाळी काढली. सगळी गल्ली इस्त्रीचे कपडे घालून उभी होती. वर्दळ दिसावी म्हणून हेडक्लार्क दुकानासमोरून दोनदा गेले, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. झेरॉक्सवाल्यानं फलक घेतला, रस्ता घेतला आणि मग मास्तर चालत आले. बंद शटरपाशी ते वाकले, वरच्या खिशातून वाकवलेली तार काढली, कुलपात घातली, मान तिरकी करून कान दिला आणि अकरा सेकंदांत शटर वर गेलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

दुकानाची किल्ली एकोणीस वर्षांपूर्वी हरवली होती. दुसरी बनवायचं मास्तरांच्या मनात होतं, पण गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांतून सवड झाली नव्हती आणि रोज तारेनंच उघडत गेल्यानं आपण काही वेगळं करतो आहोत हे त्यांच्या किंवा गल्लीच्या कोणाच्या ध्यानात उरलं नव्हतं. नकाशावाल्यांच्या ध्यानात मात्र ते आलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की चित्रफितीत एक इसम किल्लीखेरीज अन्य साधनानं जागेत प्रवेश करताना दिसत आहे. सबब अर्ज बंद करण्यात येत असून खबरदारीची सूचना व्यवसायाच्या मालकास देण्यात आली आहे.

सूचना मालकास पोचली होती. दुपारी ड्रिलवाल्याचा आपणहून फोन आला.

"काका, जपून राहा," तो काळजीनं म्हणाला. "तुमच्या दुकानात कोणीतरी तारेनं शिरलंय."

इथवरचं मास्तरांनी सोसलं असतं. पण त्याच संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध आणायला गेले. त्या दवाखान्यातलं प्रत्येक कुलूप, औषधांच्या कपाटापासून मागच्या दारापर्यंत, त्यांनी बसवलेलं होतं. डॉक्टरांनी छाती तपासली, मग त्यांचा उजवा हात हातात घेतला, सरळ धरायला सांगितला आणि बोटांकडे पाहत राहिले.

"खोकला छातीत आहे," मास्तर म्हणाले.

"ते पाहिलं. मी अभिप्राय वाचले, मास्तर. वय झालं की हात थरथरतो. त्यात लाज बाळगू नका. पण आता थांबावं माणसानं."

मास्तरांचा हात थरथरत नव्हता. डॉक्टरांनी ते वाक्य बोलेपर्यंत तरी नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत. पानावरच्या एक तारावाल्यांची संख्या तोपर्यंत सात झाली होती आणि तीस वर्षांचं नाव सात दारांच्या भोकांतून गळून चाललं होतं.

"भाड्याच्या खोलीत संगमरवर बसवू नये," झेरॉक्सवाला दुसऱ्या दिवशी म्हणाला.

"मी कुठे बसवला?"

"तेच तर! बसवला दुसऱ्यानं, उचलला तिसऱ्यानं, आणि तुम्ही नुसते फरशी मोजताय. स्वतःचं संकेतस्थळ काढा, मास्तर. आपलं घर, आपलं दार, आपला उंबरा."

मास्तरीणबाईंच्या बहिणीची मुलगी अशी कामं करत असे. तिला बोलावण्यात आलं. पहिली अडचण नावाची आली. संकेतस्थळासाठी 'कुलूपवाले काका' हे नाव मागायला गेल्यावर कळलं, की ते पंधरा दिवसांपूर्वीच कोणीतरी घेतलं आहे. कोणी, हे कोणी विचारलं नाही. हेडक्लार्कनी 'कुलूप किल्ली दुरुस्ती व तत्संबंधी कामे' हे नाव सुचवलं. ते मोकळं होतं आणि कायम मोकळंच राहील असं भाची म्हणाली. शेवटी 'मास्तरांचं कुलूप' यावर एकमत झालं. ते तिनं मास्तरांच्याच नावावर घेतलं आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"काका, हे तुमचं. माझंही नाही आणि मावशीचंही नाही. इथे 'बदल सुचवा' असलं बटण नाही."

मास्तरांनी तो कागद लग्नाच्या दाखल्याबरोबर ठेवला.

भाचीनं रविवारी दोन तासांत काम संपवलं. वर नाव, त्याखाली मोठ्या आकड्यांत फोन नंबर, त्याखाली पत्ता. मास्तरांनी ते चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं.

"नंबर असा उघड्यावर?"

"मग कुठे ठेवायचा, काका?"

"आधीचाही उघड्यावरच होता. गेला ना?"

"तो गेला कारण ते पान तुमचं नव्हतं."

"एकदा चोरी झाली की माणूस अंगणातला तांब्यासुद्धा आत आणून ठेवतो," मास्तर म्हणाले. "हे बघ, माझ्या दुकानात येणारा आधी उत्तरं देतो, मग मी उठतो. इथेही तसंच पाहिजे. आधी प्रश्न, मग नंबर."

"अहो काका, माणूस दाराबाहेर उभा असतो. घाईत असतो."

"न्यायाधीशही घाईत होते."

भाचीनं मावशीकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी मान हलवली. ती होकारार्थी नव्हती आणि नकारार्थीही नव्हती. बत्तीस वर्षांच्या संसारात त्या मानेचा अर्थ 'होऊ दे, अनुभव येऊ दे' असा ठरून गेला होता.

तसं संकेतस्थळ तयार झालं. आधी नाव आणि घराचा पत्ता लिहायचा. मग त्या नावाचा, त्या पत्त्याचा एखादा कागद फोटो काढून पाठवायचा. मग ओळखीच्या शेजाऱ्याचं नाव आणि फोन. मास्तर तपासणार, शेजाऱ्याशी बोलणार आणि खात्री पटली तर नंबर दिसणार. शहरात इतकं सुरक्षित संकेतस्थळ दुसरं नव्हतं. त्यात एकच बारीकशी उणीव होती. कागद घराच्या आत असतो, माणूस बाहेर असतो आणि मध्ये कुलूप असतं.

पहिल्या महिन्यात चौसष्ट जण आले. भाचीनं तसा आकडाच दाखवला. त्यातले त्रेसष्ट दुसऱ्या प्रश्नावरून परत गेले. एकानं कागदाच्या जागी बंद दाराचा फोटो पाठवला होता आणि खाली फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. चौसष्टावे स्वतः मास्तर होते. सगळं नीट चालतंय ना हे पाहायला त्यांनी आपल्याच घराची माहिती भरली आणि तेही दुसऱ्या प्रश्नावर अडकले, कारण विजेचं बिल अजून त्यांच्या कैलासवासी वडिलांच्या नावानं येत होतं.

"म्हणजे आपण या घरात राहतो याला पुरावा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग उद्यापासून पोळ्या कोणाच्या करू तेवढं सांगा."

पासष्टावा माणूस बुधवारी दुपारी पावणेचार वाजता आला. भाचीनं बसवून दिलेली घंटी मास्तरांच्या फोनमध्ये पहिल्यांदाच वाजली आणि तो फुटलाय की काय असं त्यांना वाटलं. तिन्ही उत्तरं भरलेली होती. घरभाड्याचा नोंदणी केलेला करार दोन्ही पानांसकट जोडलेला होता, स्वच्छ, कोपरे न कापता. हेडक्लार्क तो पाहून बाकावरून उठून उभे राहिले. "असा अर्जदार होणे नाही," ते म्हणाले.

शेजारी म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजींचं नाव होतं. मास्तरांनी नियमाप्रमाणे त्यांना फोन लावला.

"वरच्या मजल्यावरच्यांना ओळखता का, आजी?"

"ओळखते. म्हणून तर विचार करतेय, हो म्हणू का नाही."

"तो त्याच घरात राहतो ना?"

"राहतो. नळ उघडा टाकून बाहेर गेला आणि दार ओढून बसला मेला. वरचं पाणी माझ्या पलंगावर ठिबकतंय. तुम्ही कोण ते नंतर सांगा, आधी या."

खात्री पटली. मास्तरांनी बटण दाबलं, नंबर गेला आणि लगेच फोन आला.

"नमस्कार. मी सगळं भरलंय. आता तरी येता का?" आवाज तरुण होता, आदबशीर होता. तीस वर्षं कुलपाच्या पोटातल्या खिळ्यांचे आवाज ऐकणारा माणूस आवाज विसरत नाही.

"कुलूपवाले काका ना?" मास्तरांनी विचारलं.

पलीकडे पाणी वाजत होतं. "काका," ड्रिलवाला म्हणाला, "तुम्ही?"

झेरॉक्सवाला म्हणाला, "बुडू दे." हेडक्लार्क म्हणाले, "आधी त्याच्याकडून लेखी घ्या." मास्तरांनी पिशवी उचलली. तिन्ही उत्तरं बरोबर आली होती आणि उत्तरं बरोबर आली की पिशवी उघडते. या नियमाला माणूस पाहून अपवाद करायचा म्हटलं तर तो नियम कसला?

दाराखालून पाणी जिन्यावर येत होतं. ड्रिलवाला तिसऱ्या पायरीवर बूट हातात घेऊन उभा होता. वयानं असेल तिशीचा.

"ड्रिल कुठे आहे?" मास्तरांनी विचारलं.

"आत."

"दुसऱ्या कोणाला नाही बोलावलं?"

"लावले ना फोन. या भागात कुलूपवाल्यांची आठ पानं आहेत." त्यानं खाली पाहिलं. "आठही माझ्याच दुसऱ्या खिशात वाजली. मग खाली कुठेतरी तुमचं सापडलं. कागद फोनमध्ये होतेच. आठ जणांची मालकी सिद्ध करायची तर माणसाला कागद जवळ ठेवावे लागतात."

मास्तर वाकले आणि त्यांनी कुलूप पाहिलं. पाहतच राहिले. "कुलूप चांगलं घेतलंय."

"ड्रिल चालत नाही त्याला," ड्रिलवाला म्हणाला. "आजकाल कोणाचा भरवसा आहे, काका?"

सात मिनिटं लागली. आजी खालून बादली वाजवत होत्या आणि मास्तर कुलपाला कान लावून, डोळे मिटून, दुसऱ्याच जगात होते. मग आत काहीतरी हलकेच सरकलं आणि दार पाण्यासकट उघडलं. ड्रिलवाला आत धावला, नळ बंद केला आणि ओल्या पायांनी परत येऊन कुलपावरून बोट फिरवलं.

"ओरखडासुद्धा नाही," तो हळूच म्हणाला. मग धंद्याच्या आवाजात, "काय द्यायचं, काका?"

"कोड."

"तो... तो कोणालाही सांगू नये असं लिहिलेलं असतं."

"कसला कोड?" आजी बादली घेऊन वर आल्या होत्या. मास्तरांनी तीन वाक्यांत सांगितलं. आजींनी बादली खाली ठेवली.

"अरे, पुढच्या वेळी अडकलास तर कोणाला बोलावशील? स्वतःलाच? दे त्यांचं काय असेल ते. आणि हे फडकं घे, खाली येऊन माझी खोली पूस."

ड्रिलवाल्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि फोन काढला. मास्तरांनी पुन्हा अर्ज केला, कोड ड्रिलवाल्याच्या फोनवर आला, त्यानं एकेक आकडा वाचला, आजींनी तो मोठ्यानं परत म्हटला आणि मास्तरांनी एका बोटानं दाबला. पडद्यावर आलं: 'अभिनंदन! आता आपण या व्यवसायाचे मालक आहात.' दुकान उघडून तेव्हा तीस वर्षं आणि चार महिने झाले होते.

घरी येऊन मास्तरांनी पहिली गोष्ट केली ती नंबर बदलण्याची. दुसरी, फोडलेल्या दारांचे अभिप्राय काढून टाकण्याची. ते आता अकरा झाले होते आणि ते निघत नव्हते. हे प्रत्यक्ष ग्राहकांचे अनुभव असून मालक या नात्यानं आपण त्यांना सौजन्यानं उत्तर देऊ शकता, असं नकाशावाल्यांनी कळवलं.

"मालकी हवी होती ना?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग अकरा दारंही आपलीच."

त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. मास्तर रात्रभर त्यावर विचार करत राहिले आणि सकाळी त्यांनी ड्रिलवाल्याकडून अकरा पत्ते घेतले आणि फळ्यांचे तुकडे, रंधा आणि नवी कुलपं पिशवीत भरली. पहिल्या घरी त्यांनी सगळी हकिगत सांगितली. मी तो नव्हेच, नंबर कसा बदलला, कोड कसा आला. ऐकून घेणारे गृहस्थ म्हणाले, "चोराच्या उलट्या बोंबा." दुसऱ्या घरी दार, म्हणजे दाराचा जो भाग उरला होता तो, तोंडावर लावून घेण्यात आला. तिसऱ्या घराच्या पायऱ्या चढताना मास्तर थांबले. मनात एक वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. तीस वर्षांत ते त्यांनी कोणाच्या दारात म्हटलं नव्हतं. मग घंटी वाजवली आणि म्हणाले, "चुकलं. दुरुस्त करून देतो." दार उघडलं गेलं. नंतर पहिल्या दोन घरीही ते परत गेले.

अकरा दिवसांत अकरा दारं झाली. लाकूड जुळवलं, भोक बुजवलं, रंग मारला, नवं कुलूप आणि दोन दोन किल्ल्या. मधल्या काळात भाचीनं संकेतस्थळावर नंबर सगळ्यात वर आणला आणि मास्तरांनी तो येऊ दिला. प्रश्न ते आता दारात उभं राहून विचारतात. उरलेली सात पानं अजून ड्रिलवाल्याच्याच खिशात वाजतात. त्या पानांच्या सात खऱ्या मालकांना मास्तरांनी भाचीचा नंबर दिला आहे. त्यातल्या दोघांचं म्हणणं असं, की धंदा थोडा मंद आहे, पण लोक सुधारत असावेत.

शेवटचं दार झालं त्या संध्याकाळी पानावर नवा अभिप्राय आला. मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून तो मोठ्यानं वाचला.

"'आधी येऊन दार फोडतात. मग महिन्याभरानं स्वतःहून येतात, माफी मागतात आणि पैसे न घेता नवं केल्यासारखं करून देतात. काम उत्तम. पद्धत कळली नाही. तीन तारे.'"

मास्तर किल्लीला कानस लावत बसले होते. कानस थांबली.

"त्यातलं शेवटून तिसरं वाक्य," ते म्हणाले, "पुन्हा एकदा वाच."